लवकर थांबवलेली लढत

सरांनी या लेखासाठी दोन अटी घातल्या. "नाव छापशील तर मी वाचनार नाई. अन् 'सरांमुळे मी घडले' असं लिहिशील तर तुज्या हातचा चहा सोडीन." पहिली अट सोपी आहे. भंडाऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल. दुसरीनं पंचाईत केली, कारण ऋणानुबंधाच्या लेखात माणसं नेमकं तेच वाक्य लिहितात. तेव्हा घडण्याबिडण्याचं बाजूला ठेवते आणि त्यांनी मला काय दिलं तेवढंच सांगते. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी मागितलेली नव्हती, आणि त्यांनी ती दिली तेव्हा मी कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हते.

सर लाखनी तालुक्यातल्या धान पिकवणाऱ्या घरातले. मिसरूड फुटायच्या आत सैन्यात भरती झाले. सैन्यात 'नोव्हिसेस' म्हणून मुष्टियुद्धाची स्पर्धा असते. नवख्या जवानांना ग्लोव्हज बांधून रिंगमध्ये उतरवतात आणि कोण उभा राहतो ते बघतात. सर उभे राहिले. पुढे फेदरवेटात, म्हणजे 57 किलोंच्या गटात, त्यांनी कमांडची स्पर्धा जिंकली आणि काही वर्षं जिंकतच राहिले. त्या काळात सेनादलात हवा सिंग यांचं नाव काढलं की पोरं उठून उभी राहायची, असं ते सांगतात. 1961 पासून सलग अकरा वर्षं राष्ट्रीय हेवीवेट विजेतेपद, 1966 आणि 1970 या दोन्ही बँकॉक आशियाई स्पर्धांत सुवर्ण, हे ते न अडखळता म्हणून दाखवतात. पण त्यांना हवा सिंग आवडतात ते पुढच्या गोष्टीसाठी. निवृत्तीनंतर हा माणूस भिवानीला गेला आणि आपल्याच भागातल्या पोरांना शिकवत बसला. 1999 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकात विजेंदर सिंगनं कांस्यपदक आणलं तेव्हा साऱ्या देशाला भिवानी कळलं. सर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून भिवानीचा दाखला देत होते. "पदक घरी ठेवाले जागा किती लागते? वीतभर. पोरं ठेवाले मैदान लागते."

मैदान त्यांना मिळालं ते सैन्यातून परतल्यावर. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरी, आणि पाळीच्या आधी किंवा नंतर खात रोडच्या बाजूला पोरांचा सराव. चार बांबू, त्यांना गुंडाळलेले दोर, मध्ये पाण्यानं दाबलेली माती. राईस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा आणि चिंध्या भरलेला बोरा झाडाला टांगलेला, तीच आमची पंचिंग बॅग. पावसात भिजली की दगड व्हायची आणि वाळेपर्यंत सर तिला कुणाला हात लावू देत नसत. मनगट जपायचं, ही त्यांची पहिली शिकवण. बँडेज बांधायला ते जेवढा वेळ द्यायचे तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा अर्धा सराव झाला असता. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक, पुन्हा मनगटाला. मूठ आवळून दाखवायची. बोटांची नखं पांढरी पडली की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

वजनाच्या आदल्या आठवड्यात मात्र आमचं आणि त्यांचं भांडण ठरलेलं. भंडाऱ्याच्या माणसाला सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि उरला तर सकाळी फोडणीचा. सर म्हणायचे, भात बंद, भिजवलेले चणे खा. पोरं मान डोलवायची आणि घरी जाऊन ताटावर बसायची. काट्यावर अर्धा किलो जास्त भरला की सर पोराला काही बोलायचे नाहीत; त्याच्या आईला निरोप पाठवायचे.

मी त्यांच्याकडे गेले ते भावाच्या मागे मागे. तो पोलीस भरतीसाठी पळायचा, मी घरी बसून काय करू म्हणून. महिलांचं मुष्टियुद्ध तेव्हा नवंच होतं. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 2001 मध्ये अमेरिकेतल्या स्क्रँटनला झाली आणि मेरी कोमनं तिथं रौप्य जिंकलं, ही बातमी आमच्या मैदानावर सरांनीच आणली होती. ऑलिम्पिकचं दार बायकांना 2012 मध्ये लंडनला उघडलं. म्हणजे मी ग्लोव्हज घातले तेव्हा समोर ऑलिम्पिकचं स्वप्नसुद्धा नव्हतं. माझं वजन 46 किलो, आणि जिल्ह्यात माझ्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती. सर मला मुलांसोबत स्पॅरिंगला उभं करायचे आणि मुलांना ताकीद द्यायचे, "हात सैल. जोर दाखवशील तर माझ्यासंग खेळाले ये."

माझ्या बाबांना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी सरांना घरी बोलावलं. बाबा पितळेच्या कारखान्यात गुंड मठारायचे. भंडाऱ्याची पितळी भांडी एकेकाळी दूरदूर जात. बाबांच्या उमेदीच्या काळात स्टीलनं तो धंदा निम्मा खाल्ला होता, पण हातोडी चालू होती. त्या हातोडीनं बाबांचा डावा कान पुरता गेला होता. उजव्यात रात्रंदिवस शिट्टी वाजायची. त्यामुळे ते मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघायचे.

"डोक्याले लागते का?" बाबांनी विचारलं.

मला वाटलं सर म्हणतील, हेडगार्ड असतो, काही होत नाही. सगळे तेच म्हणतात.

"लागते," सर म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमचा कान कोनत्या ठोक्यानं गेला?"

बाबा हसले. "एका ठोक्यानं कधी जाते का?"

"बस. मी तिले मारनं शिकवीन, चुकवनं शिकवीन. पन माझं खरं काम ठोके मोजाचं हाय. पुरे झाले की मीच सांगीन."

बाबांनी त्यांना चहा पाजला. पुढे जे झालं त्याचा करार या बैठकीत झाला होता, आणि त्यावर माझी सही कुणी घेतली नव्हती.

ठोके मोजायचं हे वेड सरांना कुठून लागलं, ते त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दिसतं. तिथं एक पिवळं पडलेलं कात्रण आहे. नोव्हेंबर 1982, लास व्हेगास. दक्षिण कोरियाचा किम दुक-कू हा रे मॅन्सिनीविरुद्धच्या व्यावसायिक लढतीत चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी गेला. त्या मरणानंतर पंधरा फेऱ्यांच्या लढती बारावर आल्या. हे पुष्कळांना ठाऊक असतं. सर त्या कात्रणावर बोट ठेवून तिसऱ्याच माणसाबद्दल बोलतात. त्या लढतीचे पंच होते रिचर्ड ग्रीन. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. का, ते कुणी खात्रीनं सांगू शकत नाही आणि सरही सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "रिंगमध्ये तिघं असतात, पोरी. लोकाईले दोघंच दिसतात."

सर तेव्हा स्वतः खेळत होते. अमेरिकेतल्या डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं की डोक्यावर सतत मार खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांची चाल, बोलणं आणि बुद्धी पुढे ढासळते. सरांना मार्टलंड ठाऊक नव्हते, पण युनिटमधले जुने बॉक्सर ठाऊक होते. एकच किस्सा पुनःपुन्हा सांगणारे, शर्टाचं बटण लावताना हात थरथरणारे. आपले हात धड आहेत तोवर ग्लोव्हज उतरवावेत, असं त्यांनी ठरवलं आणि ते पंचाच्या परीक्षेला बसले.

1988 चं सोल ऑलिम्पिक त्यांनी पंचाच्या नजरेनं पाहिलं. भारताच्या चमूत मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार ही दोन मराठी नावं होती, म्हणून आधी उत्सुकता. (बिराजदार यांना 2002 मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला, त्या पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष होतं.) पण सोल लक्षात राहिलं ते भलत्याच कारणानं. न्यूझीलंडचे पंच कीथ वॉकर यांनी डोकं मारल्याबद्दल यजमान कोरियाच्या ब्युन जाँग-इलचे गुण कापले, तो हरला, आणि कोरियाची माणसं रिंगमध्ये घुसून पंचावर धावून गेली. ब्युन तासाभराहून जास्त वेळ रिंगमध्ये बसून राहिला. नंतर अंतिम सामन्यात अमेरिकेच्या रॉय जोन्सनं 86 ठोसे लावले, यजमानांच्या पार्क सी-हुननं 32, आणि विजेता ठरला पार्क. ओरड एवढी झाली की 1992 च्या बार्सिलोनापासून गुणांसाठी संगणक आला. पाच गुणपंचांपैकी तिघांनी एकाच सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. सर म्हणतात, सोलमध्ये एक पंच खरं वागून मार खाऊन गेला आणि दुसरे खोटं देऊन घरी गेले. आपण कोणत्या रांगेत बसायचं ते आपल्याला ठरवावं लागतं.

आता माझ्या लढतीचं. एका राज्यस्तरीय स्पर्धेची उपांत्य फेरी होती. आदल्या दिवशीच्या लढतीत मला एकदा उभ्याउभ्या आठ मोजले गेले होते, पण मी जिंकले होते. उपांत्य फेरीत गुणांवर मी पुढे होते. समोरची मुलगी उंच, डावखुरी. तिचा एक हुक माझ्या कानशिलावर बसला. पंचाला तो विशेष वाटला नसावा. त्यानं लढत चालू ठेवली आणि घंटा झाली. मी कोपऱ्याकडे निघाले आणि निळ्या कोपऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. माझा कोपरा लाल होता.

स्टुलावर बसले तर सरांनी पाणी दिलं नाही. माझे डोळे बघितले.

"आज वार कोनता?"

मी बरोबर सांगितला. "पुढे आहे मी," असंही म्हणाले.

"काल रातच्याला काय खाल्लं?"

मला आठवेना. खोलीतला दिवा आठवत होता, सोबतच्या मुलीचं हसणं आठवत होतं, ताट आठवत नव्हतं. सरांनी उठून पंचाला खूण केली आणि टॉवेल दोरावरून आत टाकला. हरलेल्या बाजूनं टाकायचा असतो तो टॉवेल. मी पुढे होते.

तेव्हाच्या नियमानं डोक्याच्या मारामुळे लढत थांबली की चार आठवडे रिंग बंद असायची. तीन महिन्यांत दोनदा तसं झालं तर तीन महिने, वर्षात तीनदा झालं तर वर्षभर. सरांनी मला नागपूरला डॉक्टरांकडे नेलं, खर्च कुणी केला ते घरात मला कळू दिलं नाही. चार आठवडे संपले. पुढच्या स्पर्धेची प्रवेशिका घेऊन मी गेले, तर त्यांनी सही केली नाही. त्यानंतरच्या वेळीही केली नाही. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा. बाबांनी माझे ओठ वाचले आणि म्हणाले, "त्यानं सांगतलं होतं, पुरे झाले की सांगीन." हातोडी उचलून ते कामाला लागले. घरात मला बोलायला माणूस उरला नाही आणि मैदानावर मी जाईना.

सर आले ते पावसाळा संपता संपता, धानाला लोंब्या धरायच्या दिवसांत. हातात नियमांची झेरॉक्स आणि एक दोनशेपानी वही. "रिंगच्या बाहेर बसून गुन दे. पाहू तुले दिसते का." मी रागानंच गेले. पोरांच्या सरावाच्या लढतीला बाजूला बसून रेघा मारल्या. संपल्यावर त्यांनी आपली वही माझ्या वहीला लावली. माझ्या रेघा दुप्पट होत्या. "जितके आवाज झाले तितके लिहिलेस. ग्लोव्हजवर बसलेला ठोसा कायले मोजला? मुठीचा पुढचा भाग, समोरच्याचं तोंड नाईतर पोट, अन् मागं खांद्याचा जोर. हे तिन्ही दिसलं तर रेघ मार." मग त्यांनी सगळी लढत तोंडी पुन्हा खेळून दाखवली, ठोशाला ठोसा. मी आयुष्यात पहिल्यांदा बॉक्सिंग बघितलं ते त्या दिवशी. त्याआधी फक्त खेळले होते.

गुणपंच झाल्यावर त्यांनी मला रिंगमध्ये घेतलं. पंचाला शब्द तीनच असतात: स्टॉप, बॉक्स, ब्रेक. ब्रेक म्हटलं की दोघांनी एक पाऊल मागं घेऊनच पुन्हा भिडायचं. बाकी सगळं पायांनी आणि डोळ्यांनी बोलायचं. सर शिकवत ते बारकाईनं. दोघांच्या मध्ये येऊ नको, दोघांशी त्रिकोण करून फिर. ज्याला मार बसतोय त्याचं तोंड तुला दिसलं पाहिजे, मारणाऱ्याची पाठ दिसली तरी चालेल. पडलेल्याला मोजताना आधी दुसऱ्याला तटस्थ कोपऱ्यात पाठव, मग बोटं त्याच्या डोळ्यांसमोर धर. आठ झाले की 'बॉक्स' म्हणण्याआधी त्याला दोन पावलं पुढं बोलाव. "जीभ खोटं बोलते, माय. पोरगा म्हनते मी ठीक हाय. गुडघे खोटं बोलत नाईत." ग्लोव्हजची माती आपल्या पांढऱ्या शर्टाला पुसायची आणि ती पुसता पुसता मनगटातली ताकद जोखायची, ही त्यांची खास युक्ती. नियमपुस्तकात ती नाही. कामठीच्या जवानांच्या लढती असोत की शाळकरी पोरांच्या, सरांचा शर्ट संध्याकाळी लाल मातीनं भरलेला असायचा आणि घरी काकू रिन घेऊन वाट बघायच्या.

निर्माणीतल्या नोकरीचाही यात हात असावा. स्फोटकांच्या कामात 'थोडंसं अजून' हा शब्द नसतो, असं ते म्हणत. 24 जानेवारी 2025 ला तिथं स्फोट होऊन कामगार गेले, तेव्हा सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी ते मैदानावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि कुणालाही स्पॅरिंग करू दिलं नाही; नुसती दोरी.

मधल्या काळात खेळाचेच दिवस फिरले. डिसेंबर 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं भारतीय महासंघाला निलंबित केलं. मुंबईचे किशन नरसी यांच्या अध्यक्षतेखाली हंगामी समिती आली, आणि नवा महासंघ उभा राहीपर्यंत 2016 उजाडलं. मोठ्यांच्या भांडणात आमच्या पोरांची वयं निघून गेली. सतरा वर्षांखालचा पोरगा भांडण मिटेस्तोवर थांबत नाही, तो एकवीसचा होतो. त्यात 2005 पासून राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीला वाढीव गुण. त्यामुळे मैदानावर येणारे अर्धे पालक पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा करतात. मला याचा राग यायचा. सरांना येत नसे. "धानाची शेती किती देते ते तुले मालूम हाय ना? कागदासाठी येऊ दे. आला म्हंजे दोरी मारते, घाम गाळते. त्यातला एखादा राहते."

राहणारे राहिलेही. विदर्भातल्या पोरांचं जमतं हे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आलेल्या अनंत चोपडेनं 2019 मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपचं सुवर्ण जिंकून दाखवलं. एप्रिल 2021 मध्ये नागपूरची अल्फिया पठाण पोलंडमधल्या किएल्त्सेला युवा जागतिक विजेती झाली. कोरोनानं मैदान बंद होतं. सरांनी फोन करून अंतिम लढतीचा व्हिडिओ दोनदा बघायला सांगितला. पहिल्यांदा अल्फियाकडे बघ, दुसऱ्यांदा पंचाकडे.

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते. माझ्या आणि सरांच्यात एक वाद चालू आहे, तो मिटण्याचं चिन्ह नाही. त्यांच्या मते मी लढत फार लवकर थांबवते. "तुले एक ठोसा बसला की दिसते कानशील. त्या पोराले अजून दोन बसू दे, उलटून मारते का पाय. थांबवनंही एक सवय हाय, अन् सवय आंधळी असते." ते खुर्चीत बसून बघतात आणि लढत संपल्यावर ऐकवतात. कधी कधी त्यांचं खरं असतं. एका पोराला मी आठ मोजून परत पाठवलं असतं तर तो जिंकलाही असता. तसा तो होता.

मागच्या हिवाळ्यात अशीच एक लढत मी दुसऱ्या फेरीत थांबवली. पोरगा ठीक होता, असं सरांचंही मत पडलं. त्याचा बाप तुमसरहून आला होता, धान विकून दिवसाची मजुरी मोडून. तो टेबलापाशी येऊन भांडला. गुणांवर पुढे होता माझा पोरगा, तुम्ही कोण थांबवणाऱ्या, सर्टिफिकेटचं काय. मी ऐकून घेतलं. सर बाजूलाच होते. मध्ये पडले नाहीत. बाप थकून गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "बोला आता. लवकर झालं म्हणा."

"लवकरच झालं," सर म्हणाले. "पन भांडाले आलेल्या बापासंग पोरगा आपल्या पायानं चालत आला होता. उशीर झाला असता त बाप भांडाले आला नसता." आणि लगेच पुढं, "तरी एक ठोसा थांबाचं होतं तुनं."

पुढच्या लढतीची नावं पुकारली गेली. मी ग्लोव्हज तपासायला उठले.